टेलिटाइप ते यूपीएस: सिरीयल पोर्टवर नक्की हक्क कोणाचा?

आजचा एपिसोड दोन शब्दांचा आहे. 'परमिशन डिनाइड.' लिनक्सवर थोडाफार हात मारला असेल तर हे दोन शब्द तुम्ही पाहिले असणारच. आज आपण ते एका खास जागी बघणार आहोत. टेबलाखाली सर्व्हर आहे, बाजूला यूपीएस आहे, दोघांमध्ये एक केबल आहे. लाईट गेली की यूपीएसने केबलवरून सांगायचं, 'बाबा रे, मी आता बॅटरीवर आहे', आणि सर्व्हरने वेळेत फाइली बंद करून झोपी जायचं. एवढंच काम. पण ड्रायव्हर सुरू करायला गेलं की उत्तर येतं: /डेव्ह/टीटीवायएस0, परमिशन डिनाइड.

तुमच्यातले बरेच जण इंटरनेटवर शोधतात, कोणीतरी 'सीएचमॉड 666 मार' असं लिहिलेलं असतं, मारतात, चालतं, विषय संपला. आजचा एपिसोड त्या 666 च्या आधीच्या पन्नासेक वर्षांचा आहे. कारण त्या फाईलचं नाव, तिच्यावरचे हक्क, 'डायलआउट' नावाचा तो विचित्र ग्रुप, यातलं काहीच यूपीएससाठी बनलेलं नाही. सगळं कुठून तरी उसनं आलंय.

सुरुवात नावापासून करू. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. टाइपरायटरसारखं दिसणारं, खडखड आवाज करत कागदावर छापणारं अवजड यंत्र. 1963 च्या सुमारास आलेलं मॉडेल 33 हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. सेकंदाला दहा अक्षरं, आणि तीही फक्त कॅपिटल. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा संगणकाशी बोलायचं मुख्य साधन हेच होतं. युनिक्सच्या कमांड इतक्या तुटक का आहेत, एलएस, सीपी, एमव्ही, याचं एक कारण लोक हेच सांगतात की त्या यंत्रावर टाइप करणं म्हणजे बोटांचा व्यायाम होता.

आता थॉम्प्सन आणि रिची यांनी एक निर्णय घेतला, जो आज तुमच्या यूपीएसपर्यंत पोचलाय. त्यांनी ठरवलं की यंत्रंही फाईलसारखीच दिसली पाहिजेत. टेलिटाइप, कागदी पट्टी वाचणारं यंत्र, डिस्क, प्रत्येकाला डेव्ह नावाच्या फोल्डरमध्ये एक नाव. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. 1974 च्या जुलैमध्ये दोघांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध पेपर छापून आला, त्यात या कल्पनेचे फायदे दिलेत. त्यातला एक फायदा आपल्या कामाचा: यंत्र फाईलसारखं असल्यामुळे फाईलला जी सुरक्षा लागू होते तीच यंत्रालाही आपोआप लागू होते. वेगळी व्यवस्था लिहायची गरजच नाही.

थांबून विचार केला तर हे भारी आहे. एका लोखंडी यंत्राला कोण हात लावू शकतो, हे ठरवायला त्यांनी कुलूप वापरलं नाही, फाईलचे दोन-चार बिट वापरले.

आणि तेव्हा ते बिट खरंच दोन-चारच होते. युनिक्सची पहिली छापील नियमपुस्तिका नोव्हेंबर 1971 ची. त्यात फाईलचा मालक आणि 'बाकीचे सगळे' एवढीच विभागणी होती. ग्रुप नव्हता. घरचे आणि बाहेरचे, मधलं नातं काही नाही. त्या पुस्तिकेत 'मेसेज' या शब्दावरून आलेली 'मेसग' नावाची एक छोटी कमांड आहे, आणि मला ती फार आवडते. तिचं काम काय? दुसरा माणूस तुमच्या टेलिटाइपवर 'राइट' कमांडने निरोप छापू शकत असे. तुम्ही काम करताय आणि मध्येच कागदावर कोणाचं तरी 'जेवायला येतोस का' उमटायचं. नको असेल तर 'मेसग एन' म्हणायचं. ही कमांड आत काय करायची? तुमच्या टेलिटाइपच्या फाईलवरचा 'बाकीच्यांनी लिहायचा' हक्क काढून टाकायची. बस्स. म्हणजे सिरीयल यंत्राच्या परमिशनचा पहिला रोजचा वापर हा 'डू नॉट डिस्टर्ब' होता!

ग्रुप नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये आले. सुरुवातीला एका माणसाला एका वेळी एकच ग्रुप मिळायचा, दुसरा हवा असेल तर 'न्यूजीआरपी' कमांड देऊन टोपी बदलायची. एकाच वेळी अनेक ग्रुपमध्ये असण्याची सोय बर्कलीवाल्यांनी 1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये दिली. आज आपण सहज म्हणतो ना, 'नट युजरला डायलआउटमध्ये पण टाक', तो 'पण' 1983 चा आहे.

मोडेम, फोनचं बिल आणि डायलआउट

दुसरा धागा केबलचा. आरएस-232 हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने 1960 मध्ये आणलं, आणि ज्या रूपात ते जगभर पसरलं ती सी आवृत्ती 1969 ची. उद्देश एकच होता, टर्मिनलला मोडेम जोडणं. म्हणून त्यातल्या तारांची नावं बघा. एक तार म्हणते 'टर्मिनल तयार आहे', तिला डीटीआर म्हणतात. एक म्हणते 'समोरून कॅरियर ऐकू येतोय', ती डीसीडी. एक तर चक्क फोनची घंटी वाजतेय हे सांगते. डेटाच्या तारा वेगळ्या, आणि या निरोपाच्या तारा वेगळ्या. उणे 3 ते उणे 15 व्होल्ट म्हणजे एक, अधिक 3 ते अधिक 15 म्हणजे शून्य. उलटं वाटतं, पण आहे तसं.

या निरोपाच्या तारा लक्षात ठेवा, पुढे त्याच यूपीएसचा घात करणार आहेत.

मोडेम आला आणि सिरीयल पोर्टवरच्या हक्काचा अर्थ बदलला. आता पोर्ट उघडता येणं म्हणजे फोन लावता येणं, आणि फोनला बिल येतं. 1970 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिलं, म्हणजे एका युनिक्स मशीनने दुसऱ्याला फोन लावून फाइली आणि मेल देणंघेणं. 1979 च्या सातव्या आवृत्तीसोबत ते सगळीकडे गेलं. त्याने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, 'यूयूसीपी' नावाचा युजर आणि ग्रुप, ज्याच्या ताब्यात मोडेमचे पोर्ट असायचे. दुसरी, कुलूप-फाईल. पोर्ट वापरायच्या आधी एका ठरलेल्या जागी 'एलसीके' ने सुरू होणारी फाईल बनवायची, आत आपला प्रोसेस नंबर लिहायचा, म्हणजे दुसऱ्याने मध्ये घुसू नये. गंमत म्हणजे हे कुलूप फक्त सभ्य लोकांसाठी. कर्नल त्याकडे बघतच नाही. रेल्वेच्या सीटवर रुमाल टाकण्यासारखं आहे ते.

डेबियन 1993 मध्ये सुरू झालं. तिथे या ग्रुपचं नाव पडलं डायलआउट. नावातच अर्थ आहे: बाहेर फोन लावायची मुभा. डेबियनच्या कागदपत्रांत आजही या ग्रुपचं वर्णन सिरीयल पोर्टवर थेट ताबा, मोडेमची मांडणी बदलणं, हवा तिथे फोन लावणं, अशाच भाषेत आहे. आर्च लिनक्सवर मात्र त्याच कामाला अजून यूयूसीपी हेच नाव चालतं. त्यामुळे डेबियनचं उत्तर वाचून आर्चवर डायलआउट शोधत बसलात तर सापडणार नाही. दोष तुमचा नाही, इतिहासाचा आहे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं 15 ऑगस्ट 1995 ला. डायलअप. घरातल्या मोठ्यांना विचारा, 'फोन ठेव, मला नेट लावायचंय' हे वाक्य त्यांना आठवेल. सिरीयल पोर्टचा हक्क म्हणजे घरच्या बिलावरचा हक्क, हे तेव्हा कोणाला समजवायला लागत नव्हतं.

यूपीएस त्याच खुर्चीत येऊन बसतो

आता यूपीएस बनवणाऱ्यांना संगणकाशी बोलायचं होतं. प्रत्येक संगणकावर कोणता पोर्ट हमखास होता? सिरीयल. मग वापरला तोच.

सगळ्यात साधे यूपीएस अक्षरं बोलतच नव्हते. ते फक्त निरोपाच्या तारा ओढायचे. लाईट गेली की एक तार खाली, बॅटरी संपत आली की दुसरी. लिनक्सवर यासाठी 'पॉवरडी' नावाचा छोटासा प्रोग्रॅम होता, मीकेल फान स्मूरेनबर्ग यांच्या सिसव्ही इनिटसोबत येणारा. तो डीसीडी तारेकडे टक लावून बसायचा. ती खाली गेली की इनिटला 'सिगपॉवर' नावाचा सिग्नल द्यायचा आणि एका फाईलमध्ये एक अक्षर ठेवायचा: एफ म्हणजे लाईट गेली, एल म्हणजे बॅटरी आटली, ओ म्हणजे लाईट परत आली. मोडेमचा कॅरियर तुटला हे सांगणारी तार आता महावितरणचा कॅरियर तुटला हे सांगत होती, असं समजा.

पण उलट्या दिशेचं काय? सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसलाही सांगायचं असतं की आता तू आउटपुट तोड. त्यासाठी संगणकाने आपल्याकडची एक तार, डीटीआर किंवा आरटीएस, वर करायची. आणि इथे खरी पंचाईत आहे. लिनक्समध्ये सिरीयल पोर्ट नुसता उघडला तरी कर्नल डीटीआर आणि आरटीएस दोन्ही तारा वर करतो. मोडेमच्या जगात ते बरोबरच, 'मी आलोय, तयार आहे' हे सांगायला नको का? पण ज्या यूपीएसच्या केबलमध्ये ती तार 'आउटपुट तोड' ला जोडलेली आहे, तिथे कोणी एक अक्षरही न लिहिता, फक्त फाईल उघडून, घात करू शकतो. विशेषतः लाईट गेलेली असताना. म्हणून अशा यूपीएससाठी केबलची जोडणी फार जपून करायला लागायची. एपीसीच्या यूपीएसचा नऊ पिनांचा पोर्ट दिसायला साधा सिरीयल, पण आतली जोडणी त्यांची स्वतःची. बाजारातली साधी सिरीयल केबल त्यात खुपसली की काही मॉडेल जागच्या जागी बंद पडतात, हे अनेक सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांनी अनुभवाने शिकलंय.

मग 'शहाणे' यूपीएस आले, अक्षरांनी बोलणारे. वेग 2400 बॉड, आजच्या हिशोबाने गोगलगाय. एपीसीला कॅपिटल वाय पाठवा, तो 'एसएम' असं उत्तर देतो, म्हणजे स्मार्ट मोडमध्ये आलो. लाईट गेली की न विचारता एक उद्गारचिन्ह पाठवतो. मला हे फार समर्पक वाटतं. लाईट आली की डॉलरचं चिन्ह.

दुसरी भाषा मेगाटेकची, जी स्वस्त यूपीएसमध्ये सर्रास सापडते. तुम्ही 'क्यू1' आणि एंटर पाठवता. तो कंसाने सुरू होणारी एक ओळ देतो: आत येणारा व्होल्टेज, बिघाडाच्या वेळचा व्होल्टेज, बाहेर जाणारा व्होल्टेज, लोड किती टक्के, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचा व्होल्टेज, तापमान, आणि शेवटी आठ शून्य-एक. त्या आठातला पहिला एक झाला की लाईट गेली, दुसरा एक झाला की बॅटरी आटली. इतकं सोपं आहे की वहीत लिहून घेता येईल.

आणि तितकंच सोपं आहे हे: 'एस01' आणि एंटर पाठवलं की एका मिनिटात यूपीएस आउटपुट तोडतो. पासवर्ड नाही. 'नक्की का?' नाही. तुम्ही कोण, हेही नाही. त्या यूपीएसच्या डोक्यात युजर ही कल्पनाच नाही. त्याच्या दृष्टीने केबलवरून जो बोलला तो मालक.

आता परत सीएचमॉड 666 कडे बघा. 666 म्हणजे मशीनवरच्या प्रत्येकाला त्या फाईलवर वाचायचा आणि लिहायचा हक्क. वेब सर्व्हरच्या प्रोसेसला, एखाद्या विसरलेल्या पीएचपी स्क्रिप्टला, इंटर्नला दिलेल्या टेस्ट अकाउंटला, सगळ्यांना. त्यातला कोणीही एका एकोच्या ओळीत आख्खा रॅक अंधारात टाकू शकतो. यूपीएस स्वतः कोणाला अडवत नाही, त्यामुळे संपूर्ण सुरक्षा त्या फाईलच्या नऊ बिटांवर उभी आहे. रिची-थॉम्प्सन यांनी टेलिटाइपसाठी ठेवलेला पहारेकरी हाच तुमचा एकमेव पहारेकरी.

नट: रूट असून रूट नसणं

1998 मध्ये रसेल क्रोल यांनी एपीसीच्या यूपीएसशी बोलणाऱ्या साधनांचा एक संच खुला केला, तोच पुढे 'नेटवर्क यूपीएस टूल्स', म्हणजे नट, झाला. त्याच काळात एपीसीयूपीएसडी हा दुसरा प्रकल्पही वाढत होता, तो मुख्यतः एपीसीपुरता, आणि तो साधारणपणे रूट म्हणूनच चालतो. रूट असला की परमिशनचा प्रश्नच येत नाही. चालतंय, पण मला ते पटत नाही. बाहेरून येणारी अक्षरं वाचून त्यांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम रूट कशाला हवा?

नटने कामाची फाळणी केली. ड्रायव्हर फक्त सिरीयल पोर्टशी बोलतो. यूपीएसडी फक्त नेटवर्कशी बोलतो, 3493 या पोर्टवर. यूपीएसमॉन निर्णय घेतो की आता मशीन बंद करायचं. आणि यूपीएसमॉनची रचना तर बघण्यासारखी आहे. तो स्वतःचे दोन तुकडे करतो. एक रूट राहतो, काहीच करत नाही, फक्त 'बंद कर' या एका निरोपाची वाट बघत बसतो. दुसरा हक्क सोडून साधा युजर होतो आणि नेटवर्कची सगळी बडबड तो करतो. बाहेरून कोणी त्याला फसवलं तरी जास्तीत जास्त काय होईल, मशीन बंद पडेल. रूट हाती लागणार नाही.

ड्रायव्हरही असाच. तुम्ही तो रूट म्हणून सुरू केला तरी तो आधी हक्क सोडतो, 'नट' किंवा तसाच कोणी साधा युजर बनतो, आणि मग पोर्ट उघडायला जातो. म्हणूनच हा गोंधळ होतो: 'अरे, मी सुडो लावून चालवतोय, तरी परमिशन डिनाइड कसं?' कारण दारात पोचेपर्यंत तो रूट राहिलेलाच नसतो. यावर यूपीएस डॉट कॉन्फमध्ये 'युजर = रूट' लिहा असा सल्ला मिळतो. चालेल. पण मग या लोकांनी एवढी फाळणी कशासाठी केली?

जुन्या काळी सरळ उपाय होता. फाईलचा ग्रुप 'नट' करा, हक्क 0660 ठेवा, झालं. सीएचग्रुप, सीएचमॉड, एकदाच. आणि ते कायम राहायचं, कारण डेव्ह फोल्डर खऱ्याखुऱ्या डिस्कवर होतं. 'मेकडेव्ह' नावाची स्क्रिप्ट शेकडो फाइली बनवून ठेवायची, यंत्र असो वा नसो. आत असायचे फक्त दोन आकडे. पहिल्या सिरीयल पोर्टचे 4 आणि 64. रीबूट झालं तरी फाईल तिथेच, तिचे हक्क तसेच.

मग ही पद्धत बदलली. रिचर्ड गूच यांचं डेव्हएफएस 2.4 कर्नलसोबत, म्हणजे 2001 च्या सुरुवातीला, लोकांपर्यंत आलं. ते म्हणालं, जे यंत्र खरंच आहे त्याचीच फाईल दिसेल, आणि ती कर्नल बनवेल. कल्पना चांगली, पण त्याने नावंही बदलली. टीटीवायएस0 चं झालं टीटीएस/0. नाव आणि हक्क ही धोरणं कर्नलच्या आत कशाला, यावर मोठा वाद झाला. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं: कर्नलने फक्त सांगायचं की अमुक यंत्र आलं, नाव काय द्यायचं आणि हक्क कोणाला द्यायचे हे बाहेरचा प्रोग्रॅम नियम वाचून ठरवेल. डेव्हएफएस 2006 मध्ये कर्नलमधून गेलं. 2012 मध्ये यूडेव्ह सिस्टिमडीमध्ये विलीन झालं.

यात आपल्या दृष्टीने मोठा बदल कोणता? डेव्ह आता मेमरीत राहतं. रीबूट झालं की पाटी कोरी. हाताने मारलेला सीएचग्रुप, सीएचमॉड, 666 सुद्धा, पुसला जातो.

आमच्या ओळखीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हेच झालं होतं. तालुक्याचं गाव, रिपोर्टचा सर्व्हर लिनक्सवर, सिरीयल यूपीएस. बसवून देणाऱ्याने हाताने फाईलचा मालक बदलला, लाईट काढून दाखवली, सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला, सगळे खूश. नंतर कधीतरी कर्नल अपडेटसाठी रीबूट झालं. तेव्हापासून ड्रायव्हर सुरूच होत नव्हता, पण कळणार कसं? लाईट गेली की यूपीएस पीप-पीप करायचा, दहा मिनिटांत लाईट यायची, बॅटरी सांभाळून घ्यायची. मग पावसाळ्यातल्या एका रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. बॅटरी संपली तेव्हा डेटाबेस उघडाच होता. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सगळं उभं केलं, आणि त्या दिवसाचे नमुने दोन मुलींनी कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरले. एका पेशंटचा रिपोर्ट घेऊन त्याचा मुलगा कोल्हापूरला निघणार होता, तो काउंटरवर बसून होता.

म्हणून आज हक्क द्यायचा तो नियमाने. एक मार्ग, नट युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकणं. यूजरमॉड कमांड, डॅश, छोटा ए, मोठा जी, मग डायलआउट, मग नट. तो छोटा ए विसरू नका. नुसता मोठा जी दिला तर त्या युजरचे बाकीचे सगळे जादा ग्रुप उडतात आणि हा एकच राहतो. आणि ग्रुप बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण चालू प्रोसेसला जुनेच ग्रुप माहीत असतात. या मार्गात एक खोट आहे, नटला यूपीएसच नाही, मशीनवरचे सगळेच सिरीयल पोर्ट मिळतात.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. यूडेव्हचा एक नियम लिहायचा, एका ओळीचा: ज्या यंत्राचं कर्नलमधलं नाव टीटीवायएस0, त्याचा ग्रुप नट, मोड 0660. एवढ्याच फाईलवर, एवढ्याच ग्रुपला. दर बूटला यूडेव्ह तो नियम वाचतो.

पण आज नऊ पिनांचा खरा पोर्ट कोणाकडे आहे? बहुतेक जण यूएसबी-ते-सिरीयल केबल लावतात, आणि तिथे नवीन भानगड. फाईलचं नाव टीटीवाययूएसबी0. दुसरी तशीच केबल लावली, आर्डुइनो लावलं, रीबूट केलं, की 0 चा 1 होऊ शकतो. म्हणजे तुमचा नट ड्रायव्हर आर्डुइनोला विचारतोय 'क्यू1', आणि आर्डुइनोचा प्रोग्रॅम तिकडे यूपीएसला काहीबाही पाठवतोय. म्हणून नियम आकड्यावर नाही, केबलच्या ओळखीवर लिहायचा. प्रत्येक यूएसबी यंत्राला उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक असतो, चिप प्रोलिफिक पीएल2303 असेल तर 067बी आणि 2303, सीएच340 असेल तर 1ए86 आणि 7523. 'यूडेव्हअ‍ॅडम इन्फो' कमांड हे सगळं दाखवते. नियमात तो क्रमांक, ग्रुप, मोड, आणि सोबत एक सिमलिंक, समजा /डेव्ह/यूपीएस. मग नटला तेवढंच नाव द्या. खाली 0 असो की 5, त्याला काय करायचंय.

तरीही दोन पाहुणे येतात, आणि दोघेही रूट असल्यामुळे तुमचा 0660 त्यांना अडवत नाही.

पहिला मोडेममॅनेजर. डेस्कटॉप लिनक्सवर बहुतेक वेळा असतोच. नवीन सिरीयल यंत्र दिसलं की त्याला वाटू शकतं मोडेम असेल, मग तो पोर्ट उघडून 'एटी' वगैरे पाठवून बघू शकतो. 1960 ची सवय 2020 च्या दशकातही सुटलेली नाही! यूपीएससमोर असं बडबडणं किती धोक्याचं ते आपण पाहिलंच. त्याच्या स्वतःच्या यादीत एपीसीची यूएसबी यंत्रं 'याला हात लावू नको' म्हणून नोंदवलेली आहेत, पण तुमची साधी यूएसबी केबल त्यात असेलच असं नाही. उपाय यूडेव्हच्या त्याच नियमात: 'आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर' बरोबर 1.

दुसरा पाहुणा ऐकून तुम्ही चकित व्हाल. उबुंटू 22.04 आल्यावर कित्येक लोकांची सीएच340 वाली केबल लावताच टीटीवाययूएसबी0 क्षणभर दिसून गायब व्हायला लागली. कारण निघालं बीआरएलटीटीवाय, म्हणजे अंध व्यक्तींना ब्रेल डिस्प्ले वापरता यावा यासाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप, हाच क्रमांक. त्यामुळे त्याच्या नियमाला वाटायचं, ब्रेल डिस्प्ले आला, घ्या ताब्यात. सगळीकडे उत्तर एकच: बीआरएलटीटीवाय काढून टाका. मी म्हणेन, त्या मशीनवर ब्रेल वापरणारं कोणी आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर फक्त त्या चिपच्या नियमाची ओळ बंद करा.

हे सगळं झालं की तपासायचं कसं? आधी रीबूट करा. रीबूटशिवायची चाचणी म्हणजे त्या लॅबमधली चाचणी. मग 'एलएस डॅश एल' ने ग्रुप आणि हक्क बघा, 'यूपीएससी' कमांडने यूपीएसची स्थिती विचारा. 'ओएल' आलं तर लाईनवर आहे. मग भिंतीवरचं बटण बंद करा, आणि 'ओएल' चं 'ओबी' होतंय का बघा. तेही दर महिन्याला, कारण बॅटरीही म्हातारी होते.

पुढच्या एपिसोडमध्ये बॅटरीच घेऊया, लेड-अ‍ॅसिडची. भेटू.